झाड क्रमांक एकशे बारा

दुबईच्या दक्षिणेला, जगाच्या प्रदर्शनात,
पाणी वर चढतं.
दगडी भिंतींचं मोठं वाडगं,
त्यात पाणी कड्यावरून पडावं तसं धावत येतं,
आणि वाद्यं बदलली की
वळतं, भिंतीला धरून परत वर जाताना दिसतं.
माणसं ओरडतात. मुद्दाम भिजतात.
कुठल्याशा थंड देशाची एक म्हातारी
चपला हातात घेऊन भिंतीला कान लावून उभी,
पलीकडे कुणी भांडी घासतंय की काय
असा चेहरा करून.

मला ठाऊक आहे पाणी कुठे जातं.
जमिनीखाली पंपांच्या खोलीत,
जिथे सिल्हेटचा नूरुल आमीन
कानात बोळे घालून
दर तासाला वहीत आकडा मांडतो.
तिथे फक्त उकडतं.

माझं खातं झाडांचं.
म्हणजे झाडांच्या मुळाशी पुरलेल्या काळ्या नळ्यांचं.
ताशी चार लिटर, रात्री अडीच ते पहाटे पाच.
यावलला केळीत शिकलो हे:
नळीला भोक पाडायचं, ड्रिपर दाबायचा,
टक् झालं की बसला.
ते टक् इथेही मराठीतच होतं.

एक बाग तर मनोऱ्यावर आहे.
झाडांसकट लोकांना वर नेते, सावकाश गोल फिरवते.
वरच्या झाडांना हे मानवत नाही,
एका बाजूची पानं आधी गळतात.
तशी नोंद मी केलीय. वाचली कुणी, माहीत नाही.

ज्या बाईंनी सगळी आखणी केली
त्या एकदा आल्या, उन्हाची टोपी, हातात दोरी.
म्हणाल्या, हे झाड अर्धा मीटर डावीकडे.
चार वाजता सावली बाकावर पडली पाहिजे.
क्रेन परत आणली. अर्ध्या मीटरला अख्खी दुपार गेली.
आता रोज चारला सावली बाकावर बरोब्बर पडते
आणि तिच्यात सुरक्षारक्षक डबा खातो.

त्याच झाडाला पाटी: घाफ, एकशे बारा.
पाटी बसवताना काटा लागला बोटाला.
बारीक पान चुरगाळून वास घेतला
आणि खालीच बसलो.
अगं, तू तर शमी.

पांडवांना एक वर्ष लपायचं होतं.
माझा व्हिसा दोन वर्षांचा.
शस्त्रं त्यांनी प्रेतासारखी बांधून टांगली म्हणे,
कुणी जवळ फिरकू नये म्हणून.
मी हत्यारांची पिशवी फांदीला अडकवतो
आणि खाली पिवळी पाटी ठेवतो, काम चालू आहे.
तिलाही कुणी शिवत नाही.

खंडेनवमीच्या रात्री
भोकपाडणी, पक्कड, प्रेशरचं घड्याळ
बुंध्याशी मांडलं.
हळद-कुंकू मीना बाजारातलं, झेंडू ताटव्यातला,
आपोआप पडलेला. तोडायची परवानगी नाही.
पाणी सुटायला दहा मिनिटं होती.
सियालकोटचे सज्जादभाई टॉर्च मारत आले.
काय आहे हे?
म्हटलं, टेस्टिंग.
बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,
सहाच्या आत उचल, झाडायचं मशीन येतं.
चार पावलं गेले, परत फिरले,
हा टॉर्च मधेच विझतो, म्हणाले,
बघ, ह्यालाही ठेव.

दसऱ्याला गर्दी मावेना.
खोडावरची हळद कुठल्याशा पोरानं बोटानं चाखली,
आईनं हात झटकला, तक्रार गेली,
आणि संध्याकाळी माझ्याच फोनवर काम आलं:
झाड एकशे बारा. खोडावर पिवळी बुरशी.
फवारणी करावी.

गेलो. ओल्या फडक्यानं पुसलं,
सालीच्या भेगांत राहिलं तेवढं राहू दिलं.
अर्जात लिहिलं: तपासणी झाली. झाड निरोगी.
खाली एक रकाना होता, कारण.
वाडग्याकडे पाणी पुन्हा वर चढत होतं,
लोक ओरडत होते.
नूरुलनं आकडा मांडला असेल.
मी बराच वेळ काही लिहिलं नाही,
मग लिहिलं,
हंगामी.